तळहात-तळपायाची त्वचा : जनुकांचे नियमन

मानवी त्वचेच्या जिवंत पेशींत प्रथिने घडवणारी सुमारे २०,००० जनुके सगळीकडे तीच असतात. त्यांपैकी कोणते जनुक कोठे, केव्हा आणि किती काम करील, हे ठरवणाऱ्या यंत्रणेला जनुक-नियमन म्हणतात. तिचा परिणाम नुसत्या डोळ्यांनी पाहायचा तर तळहाताइतके चांगले ठिकाण नाही. बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यात कापूस वेचणाऱ्या स्त्रियांचे चेहरे आणि हात उन्हाने रापतात. तळहात फिकेच राहतात.

रापण्याची क्रिया अशी : अतिनील किरणांनी डीएनएला इजा झाली की पृष्ठभागाच्या पेशींत पी-५३ हे प्रथिन सक्रिय होते आणि रंगपेशींना संदेश देणारे संप्रेरक तयार होऊ लागते. रंगपेशीत मग ‘मिट्फ’ हा नियंत्रक वाढतो, टायरोसिनेजचे जनुक चालू होते आणि मेलॅनिन बनते.

तळहात फिका राहतो तो केवळ ऊन कमी लागते म्हणून नव्हे. तेथे मुळात रंगपेशीच कमी असतात, आणि खालच्या थरातील तंतुपेशी ‘डीकेके-१’ नावाचे प्रथिन भरपूर स्रवतात. ते ‘विंट’ संदेश अडवते. मिट्फ घटतो, रंगपेशींची वाढ आणि काम दोन्ही मंदावतात. यामागुची आणि सहकाऱ्यांनी हे २००४ मध्ये दाखवले.

तळव्याचा जाडपणाही खालूनच ठरतो. शरीरातले आपले स्थान तंतुपेशींना हॉक्स जनुकांमुळे ‘ठाऊक’ असते, आणि गर्भावस्थेत मिळालेली ही ओळख त्या प्रौढपणीही टिकवतात. हात-पायांच्या टोकाशी हॉक्स-ए-१३ चालू असते. त्याच्या प्रभावाने वरच्या पेशी केराटिन-९ बनवतात. हे केराटिन जवळजवळ फक्त तळहात-तळपायांतच आढळते. त्याच्या जनुकात दोष असल्यास तळवे जन्मानंतर लवकरच कमालीचे जाड होतात. खुरप्याने पडणारे घट्टे ही वेगळी गोष्ट : ती घर्षणाला दिलेली प्रतिक्रिया असून काम थांबले की ओसरते.

२००७ मध्ये याच तंतुपेशींत ‘हॉटेअर’ हा प्रथिन न बनवणारा आरएनए सापडला. तो १२व्या गुणसूत्रावर तयार होतो आणि २ऱ्या गुणसूत्रावरील हॉक्स-डी जनुके गप्प करतो. एका गुणसूत्रावरून दुसऱ्यावर असा अंमल चालतो, हा या क्षेत्रातला फार मोलाचा शोध होय.

पाय गमावलेल्यांच्या खुंटाची त्वचा कृत्रिम पायाने सोलवटते. तेथे स्वतःच्याच तळव्यातील तंतुपेशी टोचून ती कणखर करण्याचे प्रयोग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सुरू झाले आहेत.