इंग्रजीच्या गृहपाठातील शंका आणि घरची भाषा

बालाघाट जिल्ह्यातील बिरसा तालुक्यात गोंड व बैगा समाजाची वस्ती आहे. घरी गोंडी ही द्राविडी भाषा बोलणाऱ्या मुलांसाठी शाळेतील हिंदी दुसरी, तर इंग्रजी तिसरी भाषा ठरते. इंग्रजीचा गृहपाठ हिंदीतून समजावला जात असल्याने हिंदीची वळणे उत्तरांत उतरतात.

हिंदीतील ‘कल’ गेलेला आणि येणारा असे दोन्ही दिवस दाखवतो. ‘यस्टरडे’ लिहावे की ‘टुमॉरो’, हे क्रियापदाच्या काळावरून ठरते. मराठीत ‘काल’ व ‘उद्या’ वेगळे असल्याने ही अडचण येत नाही.

काही अडचणी मात्र हिंदी-मराठीत समान आहेत. ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने भाकरी खाल्ली’ येथे क्रियापद कर्मानुसार बदलते. इंग्रजीत दोन्हीकडे ‘एट’च राहते. ‘टेबलावर’ यातील ‘वर’ नामानंतर, तर ‘ऑन द टेबल’मधील ‘ऑन’ नामापूर्वी येतो. ‘द’ला नेमका प्रतिशब्द नाही, आधी उल्लेखलेल्या किंवा ऐकणाऱ्यास ठाऊक असलेल्या वस्तूसाठी तो योजतात.

नुसते उत्तर सांगितल्यास एक प्रश्न सुटतो. मुलाच्या परिचित भाषेतील रचना शेजारी मांडल्यास नियम उमगतो आणि पुढील वाक्य मूल स्वतः लिहिते. मराठी वा कोकणीतून प्राथमिक शिक्षण घेऊन पाचवीत इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या गोव्यातील मुलांनाही हीच पद्धत उपयोगी पडते.