पवित्रा (स्नोबोर्डिंग)
स्नोबोर्डिंगमध्ये खेळाडू फळीवर आडवा उभा राहून बर्फाच्या उतारावरून घसरतो. डावा पाय पुढे असल्यास त्या पवित्र्याला ‘रेग्युलर’, उजवा असल्यास ‘गूफी’ म्हणतात. क्रिकेटमध्ये उजव्या हाताचा फलंदाजही डावा पाय गोलंदाजाकडे ठेवतो. लिहिण्याच्या हातावरून मात्र पवित्रा ठरत नाही. सचिन तेंडुलकर डाव्या हाताने लिहितात, फलंदाजी उजव्या हाताने करीत. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर घसरताना कोणता पाय आपोआप पुढे येतो, हे नवशिक्याला पाहण्यास सांगतात. ही चाचणी ढोबळच; सौम्य उतारावर दोन्ही पवित्रे वापरून पाहणे अधिक खात्रीचे. सपाटीवर पुढचा पाय फळीला बांधलेला ठेवून मागच्या मोकळ्या पायाने रेटा द्यावा लागतो, त्यामुळे चुकीची निवड तेथेच जाणवते. पायपट्ट्यांचे स्क्रू सैल करून पवित्रा बदलता येतो.