न आलेला प्रियकर : सरलेल्या प्रेमाची नाटके आणि हौशी रंगभूमी (नांदेड-लातूर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मराठी नाटकाने प्रेमाचा विचार प्रामुख्याने प्रेम जुळण्याच्या अंगाने केला. संगीत नाटकाच्या काळात तर विवाह हीच नाटकाची शेवटची घटना असे. जे प्रेम संपले, ज्याची परिणती विवाहात झाली नाही किंवा होऊ शकत नव्हती, त्याचे ओझे वाहणारी माणसे रंगमंचावर उशिरा आली. ती येण्यात हौशी रंगभूमीचा वाटा मोठा आहे. नांदेड व लातूर या दोन नगरांच्या संदर्भात तो पाहताना नाट्यसंहितेइतकाच, किंबहुना अधिक, विचार ती सादर करणाऱ्या माणसांचा करावा लागतो.

१९३३ : दोन वेगळी जगे

१ जुलै १९३३ रोजी मुंबईत नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. श्री. वि. वर्तक यांनी ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या नाटकावरून ते रचले होते. विवाहापूर्वी पुरुषाचे अन्य स्त्रीशी आलेले संबंध वधूने का सहन करावेत, हा त्यातील मूळ प्रश्न. या प्रयोगात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, ही बाब रंगभूमीच्या इतिहासात नेहमी नोंदविली जाते. मात्र विषय आणि ही घटना यांचा परस्परसंबंध फारसा कोणी तपासत नाही. पूर्वायुष्याचा जाब विचारणारी स्त्री पुरुष नटाने उभी केली असती, तर त्या जाबाची धार बोथट झाली असती, असे म्हणावयास जागा आहे.

त्याच वर्षी नांदेड व लातूर हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राजभाषा उर्दू, उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू, आणि जाहीर सभांना परवानगीची अट घालणारी ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ लागू. अशा स्थितीत मराठी माणसाला एकत्र येण्यासाठी गणेशोत्सव आणि त्यातील मेळे हाच मोठा आधार होता. तेथे नाटक होई ते जागृतीसाठी. स्त्री-पुरुषांच्या खासगी नात्याची चिकित्सा करण्याची चैन त्या रंगमंचाला परवडणारी नव्हती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. १९५० मध्ये स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. पुढे लातूरलाही महाविद्यालये निघाली. या महाविद्यालयांची स्नेहसंमेलने हीच दोन्ही गावांतील आधुनिक हौशी नाटकाची पहिली तालीम होय. पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकरांसारखा नाट्यशास्त्राचा व्यासंगी अध्यापक होता, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे.

स्पर्धेचा रंगमंच

मुंबई राज्य शासनाने १९५४ मध्ये नाट्यस्पर्धा सुरू केली, तेव्हा मराठवाडा त्या राज्यात नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर तो मुंबई राज्यात आला आणि मगच येथील संस्थांना त्या स्पर्धेचे दार उघडले. पुढे नांदेड आणि लातूर ही दोन्ही गावे प्राथमिक फेरीची केंद्रे झाली. शिक्षक, बँक कर्मचारी, वकील, विद्यार्थी अशी मंडळी दिवसभराची कामे आटोपून रात्री तालमी करीत. तिकीटविक्रीची चिंता कमी असल्याने व्यावसायिक निर्माता ज्या विषयाला धजणार नाही तो विषय येथे घेता येई. परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र तेवढे मिळवावे लागे.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’

विजय तेंडुलकरांचे हे नाटक ‘रंगायन’ने राज्य नाट्यस्पर्धेसाठी डिसेंबर १९६७ मध्ये केले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे. नाटकातली मंडळीही हौशी नट आहेत. एका गावी अमेरिकेच्या अध्यक्षांवर अण्वस्त्रांबद्दल अभिरूप खटला भरण्यासाठी ती आली आहेत आणि वेळ घालविण्यासाठी आपल्यातल्याच लीला बेणारे या शिक्षिकेवर खोटा खटला चालवितात. खटला खोटा राहत नाही. तिचे मामावरचे कोवळ्या वयातले प्रेम, विवाहित प्राध्यापक दामल्यांशी आलेला संबंध आणि त्यातून राहिलेला गर्भ सर्वांसमोर उघडा केला जातो. दामले मात्र त्या दिवशी येतच नाहीत. मामाही नाही. सरलेल्या प्रेमाच्या या नाटकात दोन्ही प्रियकर अनुपस्थित आहेत, आणि जबानी एकट्या स्त्रीला द्यावी लागते. १९३३ च्या नाटकात जाब पुरुषाच्या पूर्वायुष्याला विचारला गेला होता. चौतीस वर्षांनी आरोपीच्या पिंजऱ्यात स्त्रीचे पूर्वायुष्य उभे राहिले. हा प्रवास सरळ प्रगतीचा नाही.

बेणारेची भूमिका करणाऱ्या सुलभा देशपांडे स्वतः छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. मुंबईत ही गोष्ट कौतुकाचा विषय होते. जिल्ह्याच्या गावी तिचा अर्थ बदलतो. तेथे प्रेक्षागृहात बसलेला पालक, संस्थाचालक, शेजारी हे सगळे अभिनेत्रीला नावानिशी ओळखतात. बेणारेची भूमिका स्वीकारणारी शिक्षिका दुसऱ्या दिवशी त्याच गावातल्या वर्गात उभी राहणार असते. भूमिका आणि व्यक्ती यांत फरक करण्याची सवय ज्या समाजाला पुरती झालेली नाही, तेथे अभिरूप खटल्याचा काही भाग नाटकाबाहेरही चालतो. हौशी संस्थांना स्त्री कलावंत मिळत नाहीत, ही तक्रार अशा नाटकांच्या बाबतीत अधिक तीव्र का होते, याचे उत्तर येथे आहे. केवळ घरच्यांच्या विरोधावर बोट ठेवून ते मिळत नाही.

मराठवाड्यातून पुढे

नांदेडचे दत्ता भगत यांच्या ‘वाटा पळवाटा’सारख्या नाटकांनी मराठवाड्याची ओळख सामाजिक संघर्षाची रंगभूमी अशी घडविली आणि ती यथार्थच होती. तिच्या प्रकाशात खासगी नात्यांचे नाटक काहीसे दुय्यम ठरले. तरीही या विषयावरचे महत्त्वाचे नाटक मराठवाड्याच्याच माणसांनी दिले. औरंगाबादच्या ‘जिगीषा’मधून घडलेले प्रशांत दळवी यांनी लिहिलेले आणि चंद्रकांत कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेले ‘चारचौघी’ १९९१ मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आले. नवऱ्याचे दुसरीशी असलेले नाते कळल्यावर विद्या त्याच्याशी दूरध्वनीवर बोलते, तो दीर्घ प्रवेश वंदना गुप्ते यांनी केला. पुरुष येथेही रंगमंचावर नाही. पण बेणारेला ऐकणारे कोणी नव्हते, विद्याच्या बोलण्याला पलीकडे ऐकणारा आहे. हौशी रंगभूमीवर वाढलेल्या लेखक-दिग्दर्शकांनी हा बदल घडविला, हे विसरता येत नाही.

‘दोन स्पेशल’ या २०१५ च्या नाटकात क्षितिज पटवर्धन यांनी ह. मो. मराठे यांच्या ‘न्यूज स्टोरी’चा आधार घेऊन जुन्या प्रियकर-प्रेयसीला वृत्तपत्राच्या कचेरीत एका रात्री समोरासमोर आणले. तो प्रियकर अखेर हजर झाला. एकच स्थळ, मोजकी पात्रे, एक रात्र, अशी ही बांधणी साधने तोकडी असलेल्या हौशी संस्थेला सोयीची वाटते. मात्र नेपथ्याचा खर्च वाचला तरी दोघांपैकी एक भूमिका स्त्रीची आहे, आणि तालमीला रात्री साडेआठला येऊन अकराला घरी परतणारी अभिनेत्री संस्थेला प्रथम शोधावी लागते. ‘चारचौघी’ २०२२ मध्ये पुन्हा रंगभूमीवर आले, तेव्हा विद्या मुक्ता बर्वे यांनी केली. एकतीस वर्षांनंतरही दूरध्वनीवरील तो प्रवेश प्रेक्षकांना जुना वाटला नाही.