ग्वाल्हेरच्या दरबारातील झुंबरे

सभामंडपाचे काम पुरे होत आले की गावोगावी एक विषय हटकून निघतो, तो झुंबराचा. कोणी देणगी देऊ करतो, कोणी शहरात जाऊन दुकाने पाहून आलेला असतो. बोलणे होते ते लोलकांच्या झगमगाटाचे आणि किमतीचे. वरच्या कड्याचा व तुळईचा विचार शेवटी होतो, पुष्कळदा होतच नाही. दीडशे वर्षांपूर्वी एका मराठी दरबारात हेच काम उलट्या क्रमाने झाले, म्हणून ती हकीकत येथे देत आहोत.

सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडच्या शिंदे पाटील घराण्याने उत्तरेत ग्वाल्हेरचे राज्य उभे केले, हे सर्वश्रुत आहे. या घराण्यातील महाराज जयाजीराव शिंदे इ. स. १८४३ मध्ये दत्तक येऊन बालवयातच गादीवर बसले. १८७४ साली त्यांनी जयविलास राजवाडा बांधला. बांधकामाची सूत्रे मायकेल फिलोज यांच्याकडे होती. (हे घराणे मूळचे इटालियन, परंतु शिंद्यांच्या चाकरीत पिढ्यान्पिढ्या मुरलेले.) इंग्लंडचे युवराज, म्हणजे पुढे बादशहा झालेले सातवे एडवर्ड, १८७५-७६ च्या हिंदुस्थान दौऱ्यात ग्वाल्हेरीस यावयाचे होते. त्यांच्या स्वागतास साजेसा दरबार हवा होता.

हा दरबार हॉल १०० फूट लांब, ५० फूट रुंद आणि ४१ फूट उंच आहे. चार मजली इमारत आत मावेल एवढी ही उंची! अशा जागी नेहमीची हंडी टांगली तर ती काजव्यासारखी दिसावयाची. शिवाय तो काळ विजेचा नव्हे. एडिसनचा दिवा १८७९ सालचा. लहान लहान ज्योतींचा उजेड काचेच्या लोलकांतून फाकून दूरवर न्यावयाचा, हेच झुंबराचे खरे काम. त्यासाठी उत्तम काच म्हणजे शिसे मिसळलेली, जिचा शोध इंग्लंडात रेव्हन्सक्रॉफ्ट याने १६७४ च्या सुमारास लावला. या काचेला चमक फार, पण वजनही फार. उजेड वाढवावा तर भार वाढतो, अशी ही अडचण आहे.

ग्वाल्हेरीस दोन झुंबरे निवडली गेली. हॉलची लांबी रुंदीच्या दुप्पट आहे, म्हणजे सरळ दोन चौक पडतात. मधोमध एकच झुंबर लावले असते तर दोन्ही टोके अंधारी राहिली असती. प्रत्येक झुंबरास सुमारे २५० दिवे, आणि प्रत्येकाचे वजन साडेतीन टन, म्हणजे दोन्ही मिळून ७ टन!

हे वजन छत पेलील काय? ही शंका झुंबरे चढविण्याआधीच काढण्यात आली, यातच करणारांचे शहाणपण आहे. मातीचा लांब उतार रचून हत्ती छतावर नेले व तेथे फिरविले, असे सांगतात. हत्ती आठ होते असे कोणी म्हणतो, कोणी दहा म्हणतो. आठच धरले आणि एकेक हत्ती तीन टनांचा मानला, तरी २४ टन होतात. म्हणजे टांगावयाच्या वजनाच्या तिपटीहून अधिक. त्यातून हत्ती हलता-चालता, तेव्हा नुसत्या गोण्या रचण्यापेक्षा ही परीक्षा कडक. मात्र हत्ती वरून दाबतो आणि झुंबर एका जागी खाली ओढते. हत्तींनी छताची खात्री दिली, कड्याची व साखळीची नव्हे. त्यांची पारख निराळीच करावी लागते.

ती न राहिली तर काय होते, हे पॅरिसने पाहिले. तेथील मोठे ऑपेरागृह १८७५ साली उघडले. त्यातील झुंबर सुमारे ७ टनांचे. ता. २० मे १८९६ रोजी खेळ चालू असता, झुंबराच्या समतोलासाठी छतावर लावलेले एक वजन सुटून खाली प्रेक्षकांत कोसळले व एक स्त्री दगावली. झुंबर शाबूत होते, छतही मजबूत होते. तुटला तो दोर.

आपल्याकडे देवालयांतही मोठी झुंबरे आहेत. गोव्यात श्रीमंगेशाच्या सभामंडपातील एकोणिसाव्या शतकातील झुंबरे अनेकांनी पाहिली असतील. तेथे खाली शेकडो माणसे बसतात, दरबारात बसत त्याहून निर्धास्तपणे.

ग्वाल्हेरची दोन्ही झुंबरे जागच्या जागी आहेत. राजवाड्याचा काही भाग १९६४ पासून संग्रहालय म्हणून खुला असून दरबार हॉलही पाहावयास मिळतो. मुंबईहून भोपाळ-झाशीमार्गे मथुरेच्या यात्रेस जाणारांना ग्वाल्हेर वाटेतच लागते.