बाटलीतला बाण

दिवाळीत बाटलीत उभा करून जो उडवतो, त्याला आमच्या घरी अजून ‘बाण’च म्हणतात. श्रीरंगपट्टणला दर्या दौलत बागेच्या भिंतीवर पोल्लिलूरच्या लढाईचं चित्र पाहिलं तेव्हा हा शब्द मला नव्याने ऐकू आला.

१० सप्टेंबर १७८०. कांचीपुरमजवळ हैदर अली आणि टिपूने कर्नल बेलीची फौज घेरली. चित्रात बेली पालखीत बसलाय, भोवती शिपायांचा चौकोन आणि मधोमध दारूगोळ्याचा गाडा उडतोय. गाडा बाणाने पेटला की तोफेच्या गोळ्याने, यावर इतिहासकार अजून भांडतात. इंग्रजांनी मात्र बाणांची धास्ती घेतली. (तेव्हा पुणे दरबार हैदरच्या बाजूने होता, १७९२ साली मराठे इंग्रजांसोबत टिपूवर चालून आले होते. त्या चित्रासमोर मराठी माणसाने कुठल्या बाजूला उभं राहायचं?)

बाण हिंदुस्थानात जुनेच. म्हैसूरची करामत नळीत होती. दारू जळताना आत दाब वाढतो. कागदाची किंवा बांबूची नळी त्याने फाटते, लोखंडाची टिकते. म्हणून बाण लांब जातो. शेपटीला बांबू, कधी तलवारीचं पातं.

१७९९ साली श्रीरंगपट्टण पडलं आणि हे बाण इंग्लंडला वुलविचला पोचले. तिथल्या शाही प्रयोगशाळेच्या प्रमुखाचा मुलगा विल्यम काँग्रीव्ह १८०४च्या सुमारास कामाला लागला. त्याने पत्र्याची नळी, दारूचं मिश्रण, वजनं सगळं ठरावीक मापात बसवलं. ही मेहनत त्याचीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. १८०७ साली कोपनहेगन जळालं ते बाँब आणि या रॉकेटांच्या माऱ्यात. मेलेल्यांत साधे नागरिक शेकड्यांनी होते. अस्त्राचं नाव पडलं ‘काँग्रीव्ह रॉकेट’.

‘रॉकेट आपलंच’ असे फॉरवर्ड मलाही येतात. कोपनहेगन आठवलं की ते पुढे पाठवावेसे वाटत नाहीत. मला हवी आहेत वेगळीच नावं: ते लोखंड ठोकून नळ्या वळवणाऱ्या लोहारांची, त्यांत दारू ठासणाऱ्यांची. ती कुठे सापडत नाहीत.

२०१८ साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगर इथे एक कोरडी विहीर उपसताना हजारावर गंजलेले बाण निघाले. चिखलाला तेव्हाही दारूचा वास येत होता.