वर्गाच्या मॉनिटरची हार्ड डिस्क

साल १९९९, जुलै महिना. तुम्ही आठवीत आहात. बूट कॉम्प्युटर रूमच्या दाराबाहेर काढलेत, मोजे पावसाने ओले आहेत. आत मशीनं मोजकीच, एकेकावर तिघं-तिघं. फोर-एटी-सिक्स, त्यावर एमएस-डॉस ६.२२. विंडोज हवं असेल तर ‘विन’ टाइप करून एंटर मारायचं.

फळ्यावर सरांनी सम-विषम ओळखणारा बेसिकचा प्रोग्राम लिहिलाय. आधी वहीत उतरवायचा, फ्लोचार्ट पट्टीने आखायचा, मग मशीनला हात लावायचा. सात विषम आहे हे कळायला मशीन कशाला लागतं, हे विचारायची सोय नाही.

तुमचा डोळा शेजारच्या मशीनवर आहे. पुढच्या तासाला तिथे वर्गाचा मॉनिटर बसणार. तोच, बोलणाऱ्यांची नावं लिहून ठेवणारा.

२६ एप्रिलला चेर्नोबिल व्हायरसने जगभरातल्या मशीनच्या हार्ड डिस्क पुसल्या, काहींचं बायोसही निकामी केलं. तो फक्त विंडोज ९५ आणि ९८ वर चालायचा. शाळेच्या डॉसला त्याची बाधा होणंच शक्य नव्हतं. पण हे इथे कुणाला ठाऊक? व्हायरस म्हटलं की सरांचाही चेहरा उतरतो. तुमचं निम्मं काम झालेलं आहे.

मामेभावाने दाखवलेली ती फाइल तुम्ही उघडता: ऑटोएक्झेक.बॅट. मशीन सुरू झालं की डॉस ही फाइल वाचतं आणि एकेक ओळ मुकाट पाळतं. आधी मूळ फाइलची प्रत काढून ठेवता. मग ‘इको’ लिहून पुढे: व्हायरस सापडला. हार्ड डिस्क फॉरमॅट होत आहे. १ टक्का. २ टक्के. ३ टक्के.

मशीन पुन्हा सुरू करून बघता. सगळ्या ओळी एका फटक्यात पडद्यावर. पार फुसका बार! फॉरमॅट कसं रडतखडत व्हायला हवं. पण ‘थांब’ म्हणायची आज्ञा बॅच फाइलमध्ये नाहीच. ‘पॉज’ आहे, पण ते कळ दाबायला सांगतं, म्हणजे बिंग फुटलं.

मग एकेका आज्ञेपुढे तिरकी रेघ आणि प्रश्नचिन्ह टाकून मदतीचा मजकूर वाचत सुटता. सम-विषमच्या तासाला जांभया देणारे तुम्हीच. ‘चॉइस’पाशी थांबता. ती वाय की एन असं विचारते, पण इतक्या सेकंदांत उत्तर आलं नाही तर अमुक उत्तर धर, असंही तिला सांगता येतं. म्हणजे दोन सेकंदांची मुदत द्यायची आणि तिचा प्रश्न ‘नल’कडे वळवून पडद्यावरून गायब करायचा. कुणी न विचारलेल्या प्रश्नाला मशीन दोन सेकंद थांबून स्वतःच उत्तर देणार. प्रत्येक टक्क्याखाली ही ओळ डकवता.

१ टक्का… २ टक्के… अंगावर काटा येतो. हे तुम्ही केलंय.

मॉनिटर येतो, मशीन चालू करतो आणि पांढराफटक पडतो. “सर, मी काही नाही केलं!” घाबरून एन दाबतो. एन हेही ‘चॉइस’ला चालणारं उत्तर, त्यामुळे मुदत तिथेच संपते आणि टक्के आणखी भराभर वाढतात. ही गंमत तुम्ही ठरवलेलीच नव्हती.

शिक्षा होते, व्हायलाच हवी. पण माझं मत विचाराल तर त्या तासात खरं प्रोग्रामिंग एकाच मशीनवर झालं. सम-विषमचा प्रोग्राम कुणासाठीच नव्हता. तुमच्यासमोर माणूस होता, तो कुठली कळ दाबेल याचा विचार होता.

अमेरिकेत पिट्सबर्गजवळ १९८२ मध्ये पंधरा वर्षांच्या रिच स्क्रेंटाचंही हेच झालं होतं. मित्रांच्या गेममध्ये तो खोड्या घालायचा. मित्र सावध झाले, फ्लॉप्या त्याच्या हाती देईनात. मग त्याने ॲपल टूसाठी ‘एल्क क्लोनर’ लिहिला: एका फ्लॉपीवरून दुसरीवर आपणहून जाणारा, दर पन्नासाव्या वेळी सुरू करताना कविता दाखवणारा. घरगुती कॉम्प्युटरच्या जगात पसरलेला पहिला व्हायरस म्हणून आज त्याचं नाव घेतात. माहिती पुसायचा त्याचा हेतू नव्हता. पोराला फक्त मित्रांची जिरवायची होती.

तुमच्या घरात आठवीतलं पोर असेल तर त्याला नोटपॅड उघडून द्या. बॅट फाइल आजच्या विंडोजवरही चालते, आणि थांबायला आता ‘टाइमआउट’ अशी सरळ आज्ञा आहे. खोडी स्वतःच्याच घरातल्या मशीनवर करायची, आणि मूळ फाइलची प्रत आधी काढायची, एवढं मात्र बजावून सांगा.