चिठ्ठीवरचा पत्ता आणि सातपुड्यातला रानपिंगळा

लपवलेली वस्तू खुणांवरून शोधून काढण्याचा खेळ मुलांना फार आवडतो. ‘पिंपळापासून पूर्वेला वीस पावले, मग डावीकडे वळा’ अशी चिठ्ठी हातात पडली की वर्गातले अगदी अबोल मूलसुद्धा पुढे धावते. गेल्या काही वर्षांत या खेळाला मोठ्या माणसांनीही आपलेसे केले आहे. त्याला ‘जिओकॅशिंग’ म्हणतात. एका झाकणाच्या डब्यात वही आणि पेन्सिल ठेवायची, डबा रानात किंवा टेकडीवर लपवायचा, आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इतर छंदिष्टांना कळवायचे. ज्याला डबा सापडेल त्याने वहीत नाव व तारीख लिहायची आणि डबा होता तिथेच ठेवायचा.

खेळाची जन्मतारीख नेमकी सांगता येते. कृत्रिम उपग्रहांच्या साहाय्याने जागा ठरवण्याची अमेरिकेची जी. पी. एस. यंत्रणा मुळात लष्करासाठी होती. सामान्य लोकांसाठीच्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शके. २ मे २००० रोजी ही मिसळ बंद झाली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ऑरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीक गावाजवळ एक बादली लपवून तिचा पत्ता जाहीर केला. बादलीत वही-पेन्सिल, पुस्तके, शेंगांचा एक डबा आणि एक गलोलही होती. तीन दिवसांत दोघांनी ती शोधून काढली. इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या माळावर याच धर्तीचा खेळ, अर्थात उपग्रहांशिवाय, १८५४ पासून चालत आलेला आहे.

पृथ्वीवरची जागा आकाशातून कशी कळते? उपग्रहाकडून निघालेला रेडिओ संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो. त्याला लागलेल्या वेळावरून उपग्रहाचे अंतर काढतात. वेळ एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकला तरी अंतर ३०० मीटरने चुकते. तीन उपग्रहांची अंतरे कळली की जागा ठरते; आपल्या हातातल्या यंत्राचे घड्याळ मात्र साधे असते, म्हणून त्याची चूक काढून टाकायला चौथा उपग्रह लागतो.

एवढी यंत्रणा असली तरी खेळ उभा आहे तो एका साध्या भरवशावर. पत्ता लिहिणाऱ्याने तो खरा लिहिलेला असतो. हा भरवसा मोडला तर काय होते याचे एक मोठे उदाहरण आपल्या खानदेशातच घडले आहे. तिथे हरवलेली वस्तू डबा नव्हती, एक वीतभर घुबड होते. आणि शोधाला तब्बल एकशे तेरा वर्षे लागली.

हौशी माणसांचे जाळे

एकोणिसाव्या शतकात भारतातल्या पक्ष्यांचा अभ्यास प्रामुख्याने हौशी माणसांनी केला. कोणी मुलकी अधिकारी, कोणी सैनिक, कोणी डॉक्टर. कामावर फिरता फिरता ते पक्षी मारत, कातडे सोलून आत कापूस भरत आणि पायाला एक चिठ्ठी बांधत. चिठ्ठीवर तीन गोष्टी असत : कुठे, केव्हा, कोणी. आज पक्षी मारून त्यांचा अभ्यास करणे आपल्याला रुचणार नाही; दुर्बीण आणि कॅमेरा हाती येण्यापूर्वी मात्र हीच रीत होती.

या माणसांना एकत्र बांधले ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी. पुढे १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत ज्यांचा पुढाकार होता तेच हे ह्यूम. त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे नियतकालिक चालवले. देशाच्या कानाकोपऱ्यातले हौशी निरीक्षक त्यात आपल्या नोंदी पाठवत. १८८३ साली मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, तीही याच हौसेतून. त्या आठांपैकी दोघे आपले होते : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन.

१८७२ साली एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर भागातून एक छोटे घुबड ह्यूमना पाठवले. गावोगावी दिसणाऱ्या पिंगळ्याशी त्याचे साम्य होते, पण ते तो नव्हता. १८७३ साली ह्यूमनी त्याचे वर्णन छापले आणि पाठवणाऱ्याच्या सन्मानार्थ त्याला ‘ब्लेविटी’ हे जातिनाम दिले. १८७७ साली व्हॅलेंटाइन बॉल या भूशास्त्रज्ञाला आजच्या ओडिशातल्या खरियारजवळ तसाच पक्षी मिळाला.

यानंतर गोष्ट खानदेशात येते. जेम्स डेव्हिडसन हे मुंबई इलाख्यातले मुलकी अधिकारी. पश्चिम खानदेशात नेमणुकीवर असताना त्यांनी तिथल्या पक्ष्यांची मोठी यादी तयार केली. ती ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये छापून आली. सातपुड्याच्या पायथ्याच्या, शहादा-तळोदा बाजूच्या जंगलांतून १८८० नंतरच्या चार-पाच वर्षांत त्यांनी या घुबडाचे काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र पक्षी कोणाच्या हाती लागला नाही. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून त्याचे जेमतेम सात नमुने राहिले.

त्याच सुमारास आणखी एक नुकसान झाले. भारतीय पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिण्यासाठी ह्यूमनी वर्षानुवर्षे जमवलेली टिपणे त्यांच्या सिमल्याच्या घरातून एका नोकराने बाजारात रद्दी म्हणून विकली. खचून जाऊन ह्यूमनी १८८५ साली आपला प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. कातडी वाचली, कारण प्रत्येकीच्या पायाला स्वतःची चिठ्ठी होती. टिपणे गेली ती गेलीच.

१९१४ ची नोंद

विसाव्या शतकातल्या पक्षिग्रंथांत या घुबडाची आणखी एक नोंद दिसते. कर्नल रिचर्ड माइनर्टझॅगन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने तापीकाठच्या मांडवी येथे, म्हणजे गुजरातेत, १९१४ च्या ऑक्टोबरात हा पक्षी मिळवल्याचे त्यांच्या नमुन्यावरच्या चिठ्ठीत लिहिले होते. माइनर्टझॅगन हे पक्षिशास्त्रातले मोठे नाव. त्यांच्या शब्दावर शंका घेण्याचे कोणाला कारण वाटले नाही. सर्वांत अलीकडची नोंद तीच, म्हणून शोध घेणाऱ्यांचे लक्ष साहजिकच तिकडे वळे. शोध होत राहिले. हाती काहीच लागले नाही. ‘पक्षी नामशेष झाला असावा’ असे लोक म्हणू लागले.

१९९० नंतर अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवर ग्रंथ तयार करत होत्या. त्यासाठी त्या जुने नमुने एकेक तपासत होत्या. माइनर्टझॅगन यांच्याविषयी कुजबुज जुनीच होती. परवानगीशिवाय नमुने हलवल्यावरून १९१९ साली संग्रहालयाने त्यांना पक्षिविभागात येण्यास काही काळ बंदीही केली होती. १९९३ साली ॲलन नॉक्स यांनी त्यांच्या काही नमुन्यांवरच्या चिठ्ठ्या खोट्या असल्याचे दाखवून दिले.

मग या घुबडाची पाळी आली. पक्ष्याचे कातडे सोलण्याची, भरण्याची आणि शिवण्याची प्रत्येकाची धाटणी वेगळी असते, जशी शिंप्याची टीप वेगळी असते. क्ष-किरणांनी व सूक्ष्मदर्शकाने पाहिल्यावर ‘मांडवी’च्या घुबडात एकदा भरलेले काढून दुसऱ्यांदा भरल्याच्या खुणा दिसल्या. आतली मूळ धाटणी होती जेम्स डेव्हिडसन यांची! म्हणजे खानदेशात मिळवलेले घुबड संग्रहालयातून उचलले गेले, पुन्हा शिवले गेले आणि त्याच्या पायाला नवी चिठ्ठी बांधली गेली. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हा सारा पुरावा १९९९ साली ‘आयबिस’ या नियतकालिकात मांडला.

चोरी झाली ती एका कातड्याची, पण नुकसान त्याहून मोठे होते. खोट्या चिठ्ठीने दोन गोष्टी बिघडवल्या. एक, पक्षी १९१४ पर्यंत दिसत होता असा समज झाला. दोन, तो मांडवीला शोधावा असे वाटले. एका नोंदीत ठिकाण आणि काळ दोन्ही खोटे असले की पुढचे शोधणारे कितीही चिकाटीचे असोत, त्यांचे श्रम वाया जातात.

शहाद्याजवळची सकाळ

खोटी नोंद बाजूला काढल्यावर प्रश्न सोपा झाला. उरले फक्त ब्लेविट, बॉल आणि डेव्हिडसन यांचे पत्ते. १९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट असे तिघे भारतात आले. आधी त्यांनी पूर्वेकडची जुनी ठिकाणे धुंडाळली. तिथे यश आले नाही. मग ते डेव्हिडसन यांच्या पत्त्यावर, खानदेशात आले.

२५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, एका निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर बेन किंग यांना ते घुबड बसलेले दिसले. रासमुसेन यांनी नमुन्यांवरून पाठ केलेली सगळी लक्षणे जुळत होती. पक्षी उडून जाण्याआधी तिघांनी त्याचे चित्रीकरण केले. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला.

पुढे फराह इश्तियाक, असद रहमानी, गिरीश जठार इत्यादी भारतीय अभ्यासकांनी तळोदा, तोरणमाळ, मेळघाट आणि जळगाव जिल्ह्यातले यावल अभयारण्य येथे या पक्ष्याचा अभ्यास केला. २०१४ साली तो मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही सापडला. मराठीत त्याला रानपिंगळा म्हणतात. २०१८ साली जागतिक यादीत तो ‘अतिशय संकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आला. ठिकाणे अधिक माहीत झाली, हे त्याचे एक कारण; धोका टळला असे मात्र नाही.

पिंगळा की रानपिंगळा?

साधा पिंगळा वाड्याच्या वळचणीला, जुन्या चिंचेच्या ढोलीत राहतो. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. त्याची छाती गडद तपकिरी, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे आणि चोच व पंजे शरीराच्या मानाने मोठे. त्याला सागाचे विरळ, कोरडे जंगल लागते. बहुतेक घुबडांसारखा तो रात्रीवर अवलंबून नाही. दिवसा उघड्या फांदीवर बसून सरडे, उंदीर आणि किडे पकडतो.

दिवसा उघड्यावर बसणाऱ्या पक्ष्यावर गलोल चालवणे सोपे असते. घुबडाविषयीचे गैरसमज आणि तोडली जाणारी जंगले यांचा त्रास आहेच. सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांतल्या शिक्षकांनी या पक्ष्याची ओळख मुलांना करून दिली तर ते काम कोणत्याही मोहिमेपेक्षा कमी मोलाचे नाही, असे आम्हाला वाटते.

मेहरूणच्या काठावर

जळगावच्या शिक्षकांना रानपिंगळ्यासाठी दूर जाता आले नाही तरी मेहरूण हाताशी आहे. तिथली बोरे प्रसिद्ध. तलावाच्या काठाने मात्र मुलांना चांगला दीड-दोन तासांचा खेळ खेळता येतो. आम्ही तो असा सुचवतो.

वर्गाचे तीन गट करा. पहिल्या गटाने काठावर एक डबा लपवावा आणि पत्ता दोन प्रकारे लिहावा : एकदा पावलांत व दिशांत, एकदा फोनमधल्या अक्षांश-रेखांशांत. दुसऱ्या गटाने पावलांच्या पत्त्यावरून शोधावे, तिसऱ्याने आकड्यांवरून. कोणाला किती वेळ लागला ते मांडा. निरनिराळ्या उंचीच्या मुलांची पावले मोजली की ‘वीस पावले’ म्हणजे किती, हा वादही आपोआप निघतो आणि प्रमाणित एककाची गरज मुलांनाच कळते.

मग गणित करा. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. त्याला ३६० ने भागले की एक अंश सुमारे १११ किलोमीटर. एक मिनिट म्हणजे सुमारे १,८५० मीटर, एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर. हे झाले उत्तर-दक्षिण. जळगाव २१ अंश अक्षवृत्ताजवळ आहे. तिथे रेखांशाचा एक सेकंद सुमारे २९ मीटरच भरतो, कारण रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळ येत जातात. आता पत्त्यात मिनिटाचा एकच आकडा चुकवून लिहिला तर शोधणारे तलावापासून किती दूर जातील, हे मुलांना नकाशावर दाखवायला सांगा. १९१४ च्या चिठ्ठीने काय केले, ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

त्यानंतर डब्याच्या जागी पक्षी घ्या. बगळे, पाणकावळे, टिबुकली, खंड्या, शेकाट्या यांपैकी जे दिसेल त्याची नोंद डेव्हिडसनप्रमाणेच करायची : कुठे, केव्हा, कोणी. ओळख पटली नाही तर ‘ओळख पटली नाही’ असेच लिहायचे. अंदाजाने नाव ठोकून द्यायचे नाही.

एक पथ्य मात्र पाळावे. घरट्याचा नेमका पत्ता वहीत खरा लिहावा, पण गावभर सांगू नये. जिओकॅशिंगमधला डबा सापडावा म्हणूनच लपवलेला असतो; घरटे त्यासाठी नसते. नोंदवही शाळेच्या कपाटात ठेवा आणि दरवर्षी त्याच महिन्यात त्याच जागी नव्या वर्गाला घेऊन जा. पाच-सात वर्षांच्या अशा नोंदी जमल्या की तलावावर काय बदलले हे सांगणारे साधन शाळेजवळ तयार होईल.